आखूडशिंगी, बहुदुधी

मजकूर आखडणे म्हणजे लांब शब्दाच्या जागी छोटी खूण ठेवणे आणि त्या खुणेचा अर्थ दुसरीकडे कुठे तरी लिहून ठेवणे. व्याख्येचा पूर्वार्ध सर्वांना आवडतो. उत्तरार्ध दुसऱ्या कुणी तरी पार पाडायचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या व्यवहारात तीन पक्ष असतात : आखडणारा, उलगडणारा आणि कोश. आखडणाऱ्याचा फायदा होतो, उलगडणाऱ्याला ताप होतो आणि कोश जाड होतो. तारेपासून संगणकाच्या प्रोग्रामपर्यंत या विद्येचा इतिहास म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी शब्दाचा शोध होय. शिंगे आखूड झाल्याचे पुरावे मुबलक आहेत. दुधाचा हिशेब पुढे दिला आहे.

या विद्येचा धंदा झाला तो तारेमुळे. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार २४ मे १८४४ रोजी सुरू झाली. लगेच १८४५ साली फ्रान्सिस स्मिथ याने तारेसाठी शब्दांना क्रमांक देणारा कोश छापला. तारेचे खांब अजून मोजकेच होते, पण तिचा खर्च वाचवण्याची युक्ती विक्रीला आली होती. आणि विकणारा मोर्सचाच भागीदार होता. एका खिशातून तारेचा दर आणि दुसऱ्या खिशातून तो चुकवण्याची वाट, अशी ही सोय होती. १८६६ साली अटलांटिक महासागराखालून तार गेली तेव्हा वीस शब्दांना किमान २० पौंड पडत. शब्दाला पौंड हा भाव असला की सभ्यपणा महाग पडतो. 'आपला नम्र' आणि 'कृपा असावी' ही मंडळी सर्वांत आधी बोटीतून खाली उतरवली गेली.

त्यानंतर व्यापारी कोशांचा सुकाळ झाला. क्लॉसन-थ्यू याचा एबीसी कोड १८७३ साली निघाला, तर १९०६ साली निघालेल्या बेंटलीच्या कोशात प्रत्येक सांकेतिक शब्द पाच अक्षरांचा होता. असे दोन शब्द चिकटवले की दहा अक्षरांचा एक शब्द होई आणि पैसे एकाचेच पडत. जहाज बंदरात लागले, माल भिजला, भाव पडला, विमा उतरवा, पैसे लवकर पाठवा, अशा प्रत्येक प्रसंगाला एकेक अर्थशून्य शब्द नेमून दिला होता. मुंबई १८७० साली सुएझमार्गे इंग्लंडशी समुद्री तारेने जोडली गेली होती, त्यामुळे कापसाच्या पेढ्यांनाही हा छंद लागला. पेढीत गादी, तक्क्या आणि वजनकाट्याच्या जोडीला कोशाचा जाडजूड ठोकळा आला. पंचवीस शब्दांची हकीकत चार शब्दांत बसवण्यासाठी कारकून तासभर पाने उलटी. पलीकडचा कारकूनही तितकाच वेळ तीच पाने सुलटी. मात्र कारकुनाचा पगार महिन्याचा आणि तारेचा पैसा शब्दाचा, त्यामुळे वहीत बचतच दिसे.

तारखात्यांना ही काटकसर अर्थातच रुचली नाही. १८७९ सालच्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय तार परिषदेत ठरले की सांकेतिक शब्द दहा अक्षरांहून लांब नसावा आणि तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच, पोर्तुगीज, स्पॅनिश किंवा लॅटिन यांपैकी एखाद्या भाषेतला खराखुरा शब्द असावा. या नियमाने खिडकीमागे बसलेल्या तारबाबूला रातोरात आठ भाषांचा पंडित करून टाकले. गिऱ्हाईक सांगे, हा शब्द पोर्तुगीज आहे. तारबाबूला शंका येई, पण पोर्तुगीज येत नसे. वाद मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय तारसंघाच्या बर्नमधल्या कचेरीने अडीच लाखांहून अधिक शब्दांची अधिकृत यादी १८९४ साली छापली. मजकूर लहान व्हावा म्हणून कोश, आणि कोशाला शिस्त लागावी म्हणून त्याहून मोठा कोश, अशी ही प्रगती होती. व्यापाऱ्यांनी यादीला दाद दिली नाही. अखेर १९०३ साली लंडनलाच ठरले की शब्द बनावट असला तरी चालेल, फक्त तो उच्चारता आला पाहिजे. कुणाला उच्चारता आला पाहिजे, हा प्रश्न मग आठ भाषांत चर्चिला गेला.

आखडलेल्या मजकुरात चूक झाली की काय होते, याचे शास्त्रशुद्ध उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. फिलाडेल्फियाचा लोकरीचा व्यापारी प्रिमरोज याने १८८७ साली कॅन्ससमधल्या आपल्या माणसाला सांकेतिक तार पाठवली. तीत 'बे' या शब्दाचा अर्थ होता 'मी खरेदी केली आहे' आणि 'क्वो' म्हणजे पाच लाख पौंड. वाटेत 'बे'चे 'बाय' झाले. इंग्रजीत हा एका अक्षराचा फरक, मोर्सच्या लिपीत एका टिंबाचा. साध्या भाषेतल्या तारेत एखादे अक्षर चुकले तर वाचणारा मनातल्या मनात ते दुरुस्त करतो. सांकेतिक तारेत चुकलेले अक्षरही तितकेच अर्थपूर्ण दिसते. माणूस आज्ञाधारक होता. 'खरेदी कर' असे वाचून त्याने लोकर घ्यायला सुरुवात केली आणि प्रिमरोजचे वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान झाले. खटला १८९४ साली निकालात निघाला. तार परत म्हणवून ताडून घ्यायची तर दीडपट पैसे पडतात, ते प्रिमरोजने भरले नव्हते. शिवाय मजकूर सांकेतिक असल्याने त्यात इतकी लोकर आहे हे तार कंपनीला कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्याला तारेची किंमत, म्हणजे १ डॉलर १५ सेंट, एवढेच मिळू शकत होते. अक्षरे वाचवणाऱ्याला फार तर अक्षरांचे पैसे परत मिळतात, असे या निकालाचे सार काढता येते.

तिन्ही पक्षांना त्यातल्या त्यात न्याय मिळाला तो भारतीय टपाल-तार खात्याच्या शुभेच्छांच्या तारांत. तिथे कोश खात्याच्याच भिंतीवर टांगलेला असे. दिवाळी, लग्न, परीक्षेतले यश या प्रत्येकाला क्रमांक होता. पाठवणाऱ्याने आकडा लिहायचा, तारेतून आकडाच जायचा आणि घेणाऱ्याच्या हातात मात्र पूर्ण वाक्य पडायचे. चिकटपणा वाटेतच राही, उमाळा तेवढा पोचे. आकडा चुकल्यास नवदांपत्याचे परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन होण्याचा धोका होता. तरी लग्नाचा वर्षभराचा अनुभव घेतलेल्यांना तेही अगदीच अस्थानी वाटले नसते. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तोवर अक्षरे आखडण्याचे काम संगणकाने केव्हाच ताब्यात घेतले होते.

संगणकाच्या प्रोग्रामांत आखूड नावांची चाल पडली त्याला सुरुवातीला खरोखरच कारण होते. आयबीएमच्या ७०४ या यंत्राच्या एका खणात ३६ बिट मावत आणि अक्षराला सहा बिट लागत. म्हणून फोरट्रान भाषेत नाव फार तर सहा अक्षरांचे. बारसे करताना आत्या जशी कुंडली पाहते तसा प्रोग्रामर खण पाही. बेल लॅबमध्ये १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती, तेव्हा समोर सेकंदाला दहा अक्षरे खडखडवणारा टेलिटाइप असे. त्यावर 'कॉपी'चे 'सीपी', 'मूव्ह'चे 'एमव्ही' आणि 'रिमूव्ह'चे 'आरएम' झाले, तर नवल नाही. यंत्रे नंतर लाखोपटींनी वेगवान झाली. आज्ञा दोन अक्षरीच राहिल्या. 'आरएम'पुढे एक-दोन खुणा टाकल्या की वर्षांचे काम एका क्षणात, काही न विचारता, पुसले जाते. विचार बदलण्यापुरता अवधीही या काटकसरीत वाचवला आहे. फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' या आज्ञेचे शेवटचे 'ई' हे इंग्रजी अक्षरही युनिक्सने गाळले. पुन्हा युनिक्स लिहायची वेळ आली तर काय बदलाल, असे विचारल्यावर तिचे एक कर्ते केन टॉम्प्सन यांनी तेवढे एक 'ई' घालीन, असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

पुढल्या पिढ्यांना कारण वारशाने मिळाले नाही, सवय मिळाली. प्रोग्रामात 'टेम्प' हे नाव दिसले की ते तात्पुरत्या आकड्याचे की तापमानाचे, हे संदर्भाने ठरवावे लागते. 'नंबर' हा शब्द एकाच प्रोग्रामात 'नम', 'एनओ', 'एनबीआर' असा तीन रूपांत वावरतो, कारण तो तीन सहकाऱ्यांनी तीन वर्षांत आखडलेला असतो. लिहिणाऱ्याला सगळी रूपे पाठ असतात. तो नोकरी सोडून जातो तेव्हा कोश त्याच्या डोक्यातूनच बाहेर जातो आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीला पहिला महिना उत्खननात काढावा लागतो.

लांब शब्दांवर आकड्यांचाही प्रयोग होतो. पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवायचे आणि मधली किती गिळली ते आकड्यात लिहायचे. 'इंटरनॅशनलायझेशन'चे इंग्रजी स्पेलिंग वीस अक्षरी, म्हणून त्याचे 'आय१८एन', 'कुबरनेटीस' या सॉफ्टवेअरचे 'के८एस'. सॉफ्टवेअर सर्वांना, विशेषतः अपंगांना, सुलभ व्हावे या तत्त्वाला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' म्हणतात. तिचे 'ए११वाय' करण्यात आले असून ते नवख्याला वाचता येत नाही.

आखडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग दोन अंकांचा होता. पंच केलेल्या कार्डावर ८० रकाने असत. त्यांतले दोन वाचावेत म्हणून सालातले '१९' गाळून '६५', '७२' असे लिहिले जाई. या संक्षेपाचा कोश एका ओळीचा होता : सर्व साले एकोणीसशेची समजावीत. ती ओळ कुठेही लिहून ठेवली गेली नाही, कारण विसाव्या शतकात ती सर्वांना माहीत होती. शतक संपू लागले तेव्हा १९९९ नंतर १९०० येणार, असे लाखो प्रोग्राम गृहीत धरून बसले असल्याचे लक्षात आले. बँका, विमा कंपन्या आणि वीजकेंद्रे यांचे प्रोग्राम ओळीओळीने तपासावे लागले. त्यांतले बरेच कोबोलमध्ये होते. बेरीजसुद्धा इंग्रजी वाक्यात सांगण्याची सोय असलेल्या या ऐसपैस भाषेत नेमके साल तेवढे आखडले होते. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना या कामाने हात दिला. पुण्या-मुंबईतल्या कित्येक तरुणांनी घाईघाईने कोबोल शिकून अमेरिकेचे विमान गाठले, आणि साहेबाने वाचवलेल्या दोन अंकांवर कोथरूड-डोंबिवलीत फ्लॅट उभे राहिले. बहुदुधी शब्दाचे दूध दुसऱ्याच गोठ्यात निघाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

मजकूर आखडण्याचे काम नीट, मोजूनमापून केले गेल्याचीही उदाहरणे आहेत. 'झॉर्क' हा शब्दांनी खेळायचा गुहा-खजिन्याचा खेळ १९७७ पासून अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मोठ्या संगणकावर घडला. घरगुती संगणकात तो मावेना, म्हणून इन्फोकॉम कंपनीने त्याचे तीन तुकडे केले आणि मजकूर दाबून बसवण्याची पद्धत काढली. तिच्यात छोट्या लिपीतल्या अक्षराला पाच बिट, आणि अशी तीन अक्षरे दोन बाइटांत. पुढे स्थिरावलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वारंवार येणाऱ्या ९६ शब्दखंडांना क्रमांक देता येत, आणि प्रत्येक क्रमांकाला दोन अक्षरांची जागा लागे. इंग्रजीतले 'द' हे उपपद तीन अक्षरी. त्यामागची मोकळी जागा धरली की चार. चारांच्या जागी दोन, म्हणजे दर खेपेला दोन अक्षरांची, अर्थात दहा बिटांची बचत. दोन अक्षरी शब्द आखडून काहीच हाती लागत नाही. लांबलचक शब्द आखडला तर एका खेपेला घबाड मिळते, पण तो खेळात एकदाच आला असेल तर त्याला कोशात ठेवण्याचा खर्चच वर येतो. आणि 'द'ला घेतले तर 'ऑफ द'चे काय? दोघांनाही तीच अक्षरे हवी असतात आणि एक अक्षर दोघांना देता येत नाही. एकाला घ्यावे तर दुसऱ्याची कमाई घटते, ती घटली की तिसऱ्याला संधी मिळते. ९६ जागांसाठीच्या या निवडणुकीचा बिनचूक निकाल लावणे संगणकालाही जड जाते, म्हणून बऱ्यापैकी निकालावर समाधान मानतात. तीन पक्षांपैकी इथे उलगडणारे यंत्र असते, त्यामुळे तक्रार येत नाही. खेळणाऱ्याला पूर्ण वाक्य दिसते आणि अंधारात दबा धरून बसलेला राक्षस पूर्ण स्पेलिंगसह त्याला खातो.

वेबसाइटवरून पाठवायच्या प्रोग्रामांनाही असेच रांधायच्या आधी निवडून घेतात. मोकळ्या जागा, टिपा काढायच्या आणि नावे 'ए', 'बी', 'सी' करायची. जेक्वेरी या लोकप्रिय फाइलीची तिसऱ्या पिढीतली मूळ प्रत सुमारे पावणेतीनशे किलोबाइटांची, तर आखडलेली नव्वदच्या आत. बचत खरी आहे. मात्र चूक सापडली की 'ए'ने 'बी'ला काय केले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सोबत एक नकाशा-फाइल ठेवतात, जी कोणता 'ए' मुळात कोण होता याची नोंद बाळगते. ती नव्वद किलोबाइटांहून मोठी असते. एबीसी कोडचा ठोकळा दीडशे वर्षांनी नाव बदलून परत आला आहे.

कोशाचा बोजा टाळण्याची सर्वांत चलाख युक्ती अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली मांडली. वेगळा कोश ठेवूच नये. एखादा खंड पूर्वी येऊन गेला असेल तर 'इतकी अक्षरे मागे जा, तिथून इतकी घे' एवढेच लिहावे. आजच्या झिप फाइलींच्या मुळाशी हीच कल्पना आहे. लांबलचक नाव पहिल्यांदा जागा खाते. पुढे ते कितीही वेळा आले तरी फक्त बोट दाखवायचे. त्यामुळे माणसाने हाताने आखडलेल्या नावांनी झिप फाइल फारशी घटत नाही, वाचणारा तेवढा त्रासतो. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांना ही युक्ती नवीन वाटण्याचे कारण नाही. 'सदरहू इसम', 'वर नमूद मिळकत', 'उपरोक्त विषयान्वये' हे शब्द मागे बोट दाखवण्याचेच काम करतात. फरक एवढाच की झिप फाइलीला बोट नेमके कुठे आहे हे माहीत असते. सातव्या परिच्छेदातला 'सदरहू इसम' हा विकणारा की घेणारा, यावर मात्र वकिलांच्या दोन पिढ्या सुखाने जगू शकतात.

मराठी पत्रांचे संक्षेप याच कुळातले. 'ता.' हे पत्राच्या माथ्यावर तारीख असते आणि पत्त्यात तालुका. जागेवरून अर्थ ठरवण्याची ही पद्धत प्रोग्रामिंग भाषांनी पुढे मोठ्या कौतुकाने स्वीकारली. 'चि.', 'सौ.', 'ती.' ही नाती एका अक्षरात मावतात. 'स.न.वि.वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने पूर्ण वाक्प्रयोगाला ७५ बाइट लागतात, संक्षेपाला २२. बचत ५३ बाइट. एसएमएसच्या काळात तिला मोल होते, कारण इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसत आणि देवनागरीत ७०च. 'आपली विनंती विशेष अशी की' म्हणेपर्यंत एक तृतीयांश संदेश संपे आणि विनंती पुढच्या संदेशात जाई. आता तो जाच उरला नाही. 'सुप्रभात' हा शब्द २४ बाइटांत जातो. तो टंकायचा कंटाळा म्हणून 'जीएम' लिहिणारा गृहस्थच लाखो बाइटांचे गुलाब, चहाचा कप आणि सुविचार असलेले चित्र रोज सकाळी तीस नातेवाइकांना सढळ हाताने पाठवतो.

संक्षेप फार जुना झाला की त्याचा कोश हरवतो आणि तो स्वतःच शब्द होतो. युनिक्समधला 'टार' म्हणजे टेप अर्काइव्ह. टेप दिसेनाशी झाली, 'टार' चालू आहे. 'ऑक' या आज्ञेत एहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तीन कर्त्यांची आद्याक्षरे आहेत आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती पक्ष्याची हाक वाटते. 'पीएचपी' या प्रोग्रामिंग भाषेचे नाव १९९५ साली पर्सनल होम पेज होते. उद्योग वाढल्यावर ते नाव घरगुती वाटू लागले, तेव्हा संक्षेप तोच ठेवून विस्तार बदलला : पीएचपी हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर. आधी संक्षेप आणि मग त्याला साजेसे पूर्ण नाव, हा क्रम सरकारी योजनांना परिचित आहे.

याच उदाहरणात शेवटचा प्रकार येतो : ज्याच्या विस्तारात तो स्वतःच बसलेला आहे असा संक्षेप. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नाव याच जातीचे. त्याचा विस्तार 'ग्नू इज नॉट युनिक्स'. त्यातल्या 'ग्नू'चा अर्थ काय, तर 'ग्नू इज नॉट युनिक्स'. त्यातल्या 'ग्नू'चा अर्थही तोच. इथे कोशाची जाडी अनंत होते आणि युनिक्स नव्हे एवढीच माहिती पुनःपुन्हा मिळते. आखडणाऱ्याचे काम तीन अक्षरांत १९८३ सालीच आटोपले. उलगडणाऱ्याचे चालू आहे.